लेकरू अभ्यासाला बसते, तेव्हा आपण कुठे असतो?

मागच्या जून महिन्यात खराडीतल्या माझ्या ऑफिसात एकाच आठवड्यात दोन घरचे पालक आले. पहिले एक जोडपे होते. नदीकडच्या उंच इमारतीत राहणारे, दोघेही आयटी कंपनीतले. मुलगी सहा वर्षांची. तिला शाळेत घालायचेच नाही, घरीच शिकवायचे, असे त्यांनी ठरवले होते. त्यासाठी आईने नोकरी सोडली होती. वेळापत्रक तयार, वह्या तयार, भिंतीवर फळासुद्धा टांगून झालेला. त्यांचा प्रश्न एवढाच होता, "वकीलसाहेब, हे कायद्यात बसते का?"

दुसरी आपलीच एक ताई होती. अशाच उंच इमारतींतल्या पाच घरांची धुणीभांडी करणारी. तिचा मुलगा पंचवीस टक्क्यांच्या राखीव जागेवर एका खासगी शाळेत दुसरीत शिकतो. तिने पिशवीतून शाळेची डायरी काढून माझ्यापुढे ठेवली. तिच्यात लाल शाईने लिहिले होते की, घरी अभ्यास घेतला जात नाही, पालकांनी लक्ष द्यावे, जमत नसेल तर दुसरी शाळा पाहावी. हा मजकूरसुद्धा तिने शेजारच्या पोरीकडून वाचून घेतला होता. ती म्हणाली, "दादा, मला वाचता येत नाही. मग मी अभ्यास कसा घेऊ?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी दहा मिनिटांत दिले. दुसऱ्या प्रश्नापाशी माझी वकिली संपली. आजचा हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

आधी कायद्याचे सांगतो, कारण ते आपल्या माणसांना ठाऊक असले पाहिजे. सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात 'सक्ती' हा शब्द आहे, पण ती सक्ती मुख्यतः सरकारवर आहे. मुलाला शाळेत घालणे हे कलम १० नुसार पालकाचे कर्तव्य आहे. मात्र ते पाळले नाही तर पालकाला शिक्षा करण्याची तरतूद त्या कायद्यात नाही. घरी शिकवण्याला या कायद्याने नाव घेऊन परवानगी दिलेली नाही आणि नाव घेऊन बंदीही घातलेली नाही. उद्या त्या मुलीला शाळेत जायचे झाले, तर कलम ४ प्रमाणे तिला तिच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळू शकतो. मुक्त विद्यालयाच्या परीक्षांचा मार्गही आहे. जोडपे समाधानाने गेले.

ते गेल्यावर माझ्या मनात आले, त्यांची मुलगी घरी राहिली तर त्याला शिक्षणातला प्रयोग म्हणतात. समोरच्या बांधकामावरच्या मजुराची पोर घरी राहिली तर तिला 'शाळाबाह्य' म्हणतात आणि तिच्या आईबापांना अडाणी ठरवतात. दोन्ही पोरी घरीच आहेत. फरक एवढाच की, एकीच्या शेजारी पदवीधर आई बसलेली आहे आणि दुसरीच्या शेजारी कुणीच नाही. शिक्षणातली विषमता शाळेच्या फाटकापाशी सुरू होते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती घरातल्या सतरंजीपासून सुरू होते.

आता ताईच्या डायरीविषयी. शाळेने लिहिलेला तो शेरा बेकायदा होता. कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, तरी काढून टाकण्याची मुभा कुणालाही नाही. कलम १७ ने मारहाणीबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे. कलम २४ तर स्पष्ट सांगते की, मुलाला किती येते हे पाहून लागेल तेवढे जादा शिकवणे हे शिक्षकाचे काम आहे. ते आईचे काम आहे असे कायदा कुठेही म्हणत नाही. पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठच देऊ नये, असे मद्रास उच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये बजावले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राच्या मनुष्यबळ विकास खात्याने तसे सर्व राज्यांना कळवले. २०२० च्या दप्तर धोरणातही दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्यात फार तर दोन तास, असेच म्हटले आहे. म्हणजे जो गृहपाठ द्यायलाच नको होता, तो झाला नाही म्हणून एका मोलकरीण आईला शाळा दटावत होती!

मी शाळेला पत्र लिहिले. आठवड्याभरात शाळेचा सूर बदलला. ताईला बोलावून चहा पाजला म्हणे. पण बांधवांनो, वकिलाच्या पत्राने शाळा गप्प बसते, मुलाला वजाबाकी येत नाही. पत्र जिंकले तरी ते लेकरू संध्याकाळी वही उघडून एकटेच बसलेले होते. म्हणून ताईचा प्रश्न शिल्लकच राहिला.

हा प्रश्न नवा नाही. आपल्या चळवळीचा इतिहास ज्या घरांतून सुरू झाला, त्या घरांत लेकराशेजारी कुणीतरी बसलेले होते. सावित्रीमाई १८४० साली लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हते. त्यांची पहिली शाळा म्हणजे त्यांचे घर आणि पहिले शिक्षक म्हणजे जोतीराव. त्या घरात पाटी गिरवलेल्या बाईने पुढे पुण्यात १८४८ पासून मुलींना शिकवले.

बाबासाहेबांचे उदाहरण तर प्रत्येक जयंतीच्या भाषणात येते, पण अर्धेच येते. साताऱ्याच्या शाळेत त्यांना बसायला स्वतःचे गोणपाट न्यावे लागे आणि संध्याकाळी ते परत घरी आणावे लागे, हे आपण सांगतो. ते सांगितलेच पाहिजे. पण परळच्या डबक चाळीतल्या त्या एका खोलीत काय होत होते? मुलाला लवकर झोपवून सुभेदार रामजी बाबा स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग भीमाला अभ्यासाला उठवत. एका खोलीत सगळे कुटुंब, म्हणून शांततेची वेळ शोधून काढलेली. रामजी बाबांनी लष्कराच्या शाळेत शिक्षक आणि मुख्याध्यापक म्हणून काम केलेले होते. इंग्रजी आणि गणिताचा पाया त्यांनी स्वतः घालून घेतला. पुस्तकासाठी पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलीचा दागिना मागून आणत, गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, त्यामागे एका बापाच्या कितीतरी रात्रींचे जागरण आहे. आपण मुलाचा पुतळा उभारला. बापाचे जागरण विसरलो.

कुणी म्हणेल, रामजी बाबा शिकलेले होते. आमच्या ताईचे काय? तर मी माझ्या आईचे सांगतो.

ऐंशीच्या दशकात खराडी हे महापालिकेबाहेरचे खेडे होते. माझी आई इथल्या मळ्यांत खुरपणीला जायची. वडील नगर रोडवरच्या एका कारखान्यात हेल्पर, पाळीवर. आईला एकही अक्षर येत नव्हते. पण संध्याकाळी भाकरी थापताना ती मला चुलीपाशी बसवायची आणि मोठ्याने वाचायला लावायची. मी अडखळलो की तिला अर्थ कळत नसला तरी अडखळणे कळायचे. "थांबलास का? पुन्हा म्हण." शुद्धलेखनाची तिची रीत वेगळीच. पुस्तकातला उतारा मी वहीत उतरवायचा आणि मग ती पुस्तक आणि वही शेजारी ठेवून बोट फिरवत आकार जुळवायची. "इथं वर टोपी हाय, तुझ्या वहीत न्हाई." वेलांटी म्हणजे तिच्या भाषेत टोपी. बेरीज-वजाबाकी तिने चिंचोक्यांवर घेतली. ती माझी पहिली परीक्षक होती आणि तिच्या हातून माझी एकही वेलांटी सुटली नाही. आज कोर्टात मसुदा दाखल करण्याआधी मी तो दोनदा वाचतो, ती तिची शिकवण आहे.

म्हणजे अभ्यास घेणे याचा अर्थ शिकवणेच असा नाही. लेकराजवळ बसणे, त्याचे काम पाहणे, ते अडले कुठे हे ओळखणे आणि त्याला मध्येच सोडून न उठणे, एवढ्यानेही निम्मे काम होते. हे काम पदवीवाचून होते. वेळेवाचून मात्र होत नाही.

आता माझी कबुली. आईचा हा वारसा सांगणारा मी, माझ्याच मुलीच्या बाबतीत नापास झालो. ती सात वर्षांची असताना मी आठवड्यातून चार संध्याकाळी बाहेर असायचो. कुठे व्याख्यान, कुठे धरणे, कुठे बैठक. विषय बहुधा 'बहुजनांच्या शिक्षणावरील संकट' असाच. एकदा घरी लवकर आलो आणि तिच्याजवळ बसलो. हातच्याची वजाबाकी होती. तिसऱ्यांदा चुकली तशी मी तिच्या हातातून पेन्सिल ओढून घेतली आणि आवाज चढवला. ती रडली नाही. हळूच म्हणाली, "पप्पा, तुम्ही नका बसू. तुम्ही बसलात की मला येत नाही." पन्नास सभा गाजवल्याचा माझा तोरा त्या एका वाक्याने उतरवला. ते सगळे काम माझी पत्नी स्वतःची नोकरी सांभाळून गुपचूप करीत होती आणि चळवळीचा माणूस म्हणून हार माझ्या गळ्यात पडत होते. आपल्या किती घरांत हेच चालले आहे, ते ज्याने त्याने पाहावे.

कोरोनाच्या काळाने हे सगळे उघडे केले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. महाराष्ट्रातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला आणि जानेवारीत ते पुन्हा बंद करावे लागले. त्या काळात राज्यातले प्रत्येक मूल घरीच शिकणारे मूल झाले. सरकारने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला चालवली. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका आली. ते प्रयत्न वाईट नव्हते. पण पडदा शेजारी बसत नाही. खराडीच्या उंच इमारतींत आईबाप घरातूनच नोकरी करीत होते, लेकरू त्यांच्या नजरेसमोर होते. वस्तीत घरात एकच फोन आणि तो बापाबरोबर कामावर जायचा. बांधकामावरची कुटुंबे तर मे महिन्याच्या उन्हात गावाकडे चालत निघाली, त्यांच्या लेकरांच्या वह्या कुठे राहिल्या कुणास ठाऊक. पुढचे आकडे 'असर'च्या पाहणीत आहेत. देशाच्या ग्रामीण भागात तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये २७.१ टक्क्यांवर परत आले. परत आले म्हणून आनंद मानायचा का? शंभरातली बहात्तर-त्र्याहत्तर मुले आजही वाचू शकत नाहीत. ती मुले कुणाची आहेत, हे या दैनिकाच्या वाचकांना सांगायला नको.

शाळा उघडल्यावर आम्ही चार-पाच कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या बुद्ध विहारात संध्याकाळची अभ्यासिका सुरू केली. पहिली ते चौथीची मुले, रोज एक तास. पहिले दोन महिने नुसता गोंधळ झाला. बावीस मुले, चार इयत्ता आणि समोर आम्ही भाषणे देणारे. त्यातून जे शिकलो ते इथे लिहितो, कारण दुसऱ्या विहारात कुणाला उपयोगी पडेल.

सहा-सात वर्षांचे लेकरू एका कामावर दहा-पंधरा मिनिटे बसते. त्यापुढे ते चुळबुळ करते, तो त्याचा दोष नाही, त्याचे वय आहे. म्हणून पंधरा मिनिटे काम, मग उठून पाणी, एक गाणे, पुन्हा बसणे. उपाशी पोराला अक्षर दिसत नाही, म्हणून आधी शेंगदाणे-गूळ, मग वही. पेन्सिल, खोडरबर, टोकयंत्र आधीच मध्ये ठेवायचे, नाहीतर निम्मा तास शोधाशोधीत जातो. मोठ्यांना त्यांचे त्यांना करता येईल असे काम आधी लावून द्यायचे आणि आपण लहानांजवळ बसायचे, कारण लहान मूल अडले की वाट पाहत नाही, ते वही मिटते. मूल जिथे ताजे असते तिथे अवघड विषय घ्यायचा, चित्र आणि सुलेखन शेवटी.

दहा गणिते देऊन शेवटी तपासायची नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या गणितालाच डोकवायचे. नाहीतर मूल एकच चूक दहा वेळा गिरवते आणि तीच पक्की करते. उत्तर सांगायचे नाही. "कसं केलंस, मला सांग," असे विचारायचे. सांगता सांगता निम्म्या मुलांना आपली चूक आपणच सापडते. आणि पेन्सिल लेकराच्या हातातून कधीही ओढायची नाही. हा नियम मी स्वतःसाठी लिहून भिंतीवर लावला आहे.

काठी नाही, थोबाडीत नाही, 'ढ' हा शब्द नाही. भगवंतांच्या संघातल्या चूळपंथकाची कथा आपण वर्षावासात ऐकतो. चार महिने झाले तरी त्याला एक गाथा पाठ होईना, म्हणून त्याच्या सख्ख्या भावानेच त्याला विहारातून निघून जायला सांगितले. तथागतांनी त्याला परत बोलावले, त्याच्या हातात एक स्वच्छ कापड दिले आणि ते चोळत राहायला सांगितले. कापड मळत गेले आणि त्यातून त्याला अनित्यता उमगली. या कथेतला चमत्कार बाजूला ठेवा. शिक्षकाने काय केले ते पाहा. त्याने शिष्य बदलला नाही, काम बदलले. ज्याला गाथा जमत नाही त्याला त्याच्या हाताला जमेल असे काम दिले. अभ्यास घेणाऱ्याला यापेक्षा मोठा धडा कोणता?

आणि एक गोष्ट, जी लिहिताना अजून खटकते. अभ्यासिकेत नऊ वर्षांचा एक मुलगा यायचा. आईबाप बांधकामावर. कडेवर दीड वर्षाची बहीण घेऊनच यायचा. ती रांगायची, वह्या ओढायची, रडायची. आमच्यातल्या एकाने त्याला सांगितले, "उद्यापासून हिला घरी ठेवून ये." दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. घरी ठेवायला घरात होते कोण? आम्ही पंधरवड्याने चौकशीला गेलो तेव्हा त्या साइटवरचे काम संपले होते आणि पत्र्याच्या खोल्या उठल्या होत्या. ते कुटुंब कुठल्या शहरात गेले, कळले नाही. गोणपाट बाहेर ठेवायला लावणाऱ्या शाळेला आपण शंभर वर्षे नावे ठेवतो. आम्ही बहीण बाहेर ठेवायला लावली. त्यानंतर विहारात एका कोपऱ्यात गोधडी अंथरली आणि एक आजी तान्ह्या मुलांना सांभाळायला बसू लागली. पण तो मुलगा गेला तो गेलाच.

आता एक आक्षेप. आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही घरात आणि विहारात अभ्यास घ्या म्हणता, म्हणजे सरकारला मोकळे सोडता. सरकार म्हणेल, पालकच घेतात, मग शिक्षक कशाला?" हा आक्षेप खोटा नाही. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात ते सक्तीचे आणि मोफत केले, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. संविधानाच्या मूळ कलम ४५ ने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला शिक्षण द्यायला सांगितले होते. म्हणजे ते १९६० पर्यंत व्हायला हवे होते. मूलभूत हक्काची दुरुस्ती २००२ साली झाली आणि कायदा २००९ साली. एवढ्या उशिराने मिळालेला हक्कसुद्धा काढून घेण्याचे प्रयत्न थांबलेले नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना पंचवीस टक्क्यांतून सूट दिली होती. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. पालक आणि कार्यकर्ते कोर्टात गेले नसते, तर आमच्या ताईचा मुलगा ज्या जागेवर शिकतो तशा जागा उरल्या नसत्या.

म्हणून लढाई दोन्हीकडे करावी लागेल. शाळेने आपली जबाबदारी आईच्या पदरात टाकता कामा नये. आजची शाळा न बोलता एक अट घालते. घरी शिकलेली, रिकामा वेळ असलेली आई असेल तरच मूल पुढे जाईल, ही ती अट. प्रवेशाच्या फॉर्मवर ती नसते, पण निकालावर दिसते. जातीची पात्रता कायद्याने संपली, ती गृहपाठाच्या वहीतून मागच्या दाराने परत आली आहे. ती तिथेच अडवली पाहिजे.

कशी अडवायची? कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असले पाहिजेत, वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजे आणि समितीत निम्म्या महिला पाहिजेत. आपल्या किती आया या समितीवर आहेत आणि किती जणींची नुसती सही घेतली जाते? समितीत बसून ठराव मांडा की, पहिली-दुसरीचे लिहिण्याचे काम शाळेतच पुरे करून घ्यावे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला दोनशे दिवस आणि आठशे तास शिकवणे झालेच पाहिजे, असे कायद्याचे परिशिष्ट सांगते. ते तास मोजा. कलम २७ ने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला लावायला बंदी आहे, ती पाळली जाते का ते विचारा. महापालिकेच्या शाळांच्या खोल्या संध्याकाळी अभ्यासिकेला मागा. जिथे पन्नासहून जास्त महिला बांधकाम मजूर असतील तिथे १९९६ च्या कायद्याने पाळणाघर बंधनकारक केले होते. खराडीत जिकडे पाहावे तिकडे क्रेन उभी आहे. बांधकामाच्या खर्चावर उपकर गोळा होतो तो मजुरांच्या कल्याणासाठी. त्या पाळणाघराची मागणी आमच्या हातून निसटलेल्या त्या मुलासाठी आणि त्याच्या बहिणीसाठी आपण केली पाहिजे.

पण हे सगळे होईपर्यंत दुसरीतले लेकरू थांबत नाही. ते पुढच्या जूनमध्ये तिसरीत जाते, वाचता येवो न येवो. खटल्याला तारीख मिळते, बालपणाला मिळत नाही. म्हणून मोर्चाला जाणाऱ्या प्रत्येकाने आठवड्यातली एक संध्याकाळ सतरंजीवर बसले पाहिजे.

आपल्याकडे माणसे कमी आहेत का? दर १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाणारा जनसागर नगर रोडने याच खराडीवरून जातो. आमची पोरे पहाटेपासून रस्त्याच्या कडेला उभी राहून पाणी वाटतात, जेवण वाटतात, म्हाताऱ्यांना हात देतात. कुणी सांगावे लागत नाही. हेच हात वर्षाचे उरलेले तीनशे चौसष्ट दिवस कुठे जातात? १४ एप्रिलच्या एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात एका अभ्यासिकेचे वर्षाचे दिवे, वह्या आणि शेंगदाणे येतात. मी मिरवणुकीच्या विरोधात नाही, मीही नाचलो आहे. पण ज्या विहाराला रविवारची वंदना झाली की सहा दिवस कुलूप असते, त्या विहारात तथागतांचा कोणता धम्म राहतो?

ताईचे पुढे काय झाले ते सांगतो. मी तिला माझ्या आईची रीत सांगितली. मोठ्याने वाचायला लाव, अडखळला की थांबव, पुस्तक आणि वही शेजारी ठेवून आकार जुळव, चिंचोके घे. सगळे छान झाले असे मी म्हणणार नाही. पाच घरांची कामे करून ती रात्री आठला घरी येते आणि बसल्याबसल्या तिचा डोळा लागतो. मुलाला वजाबाकी आता येते, वाचन अजून कच्चे आहे. सोमवार ते शुक्रवार तो विहारात येतो. परवा ती म्हणाली, "दादा, त्यानं मला माझं नाव लिहायला शिकवलं. व्यवस्थापन समितीचं काय ते म्हणत होता, तिथं अंगठा देणार नाही आता."

बंधूभगिनींनो, 'शिका' हा शब्द आपण घोषणेत पहिला उच्चारतो. लेकराला तो एकट्याने पाळायला सांगू नका. येत्या रविवारी त्रिशरण-पंचशील झाल्यावर आपापल्या विहारात एकच विषय घ्या. वस्तीतली पहिली ते चौथीची मुले किती, आणि सोमवारी त्यांच्याजवळ कोण बसणार, मंगळवारी कोण, बुधवारी कोण. नावे लिहा, कागद भिंतीला लावा. बाप मंडळींची नावे आधी लिहा. आणि विहाराचे कुलूप काढून किल्ली अभ्यासिकेच्या ताईकडे द्या.

जय भीम!